पेल्यावरचा आळ

कर्नाटकातील चिक्कमगळूरच्या डोंगरांत बाबा बुडन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात अरबस्तानातून आणलेले कॉफीचे सात दाणे पेरले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बेंगळुरू हे कॉफीचे शहर झाले ही गोष्ट निर्विवाद आहे. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. १९४२ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या कॉफी मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. भल्या सकाळी लहानमोठ्या उपाहारगृहांपुढे उभ्याने कॉफी पिणाऱ्यांची गर्दी होते. एकच कॉफी दोन पेल्यांत वाटून घेण्याची ‘बाय-टू’ ही पद्धत तर या शहराच्या स्वभावाचाच एक भाग होऊन बसली आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून येथे नांदणारी मराठी कुटुंबे असोत, की नोकरीच्या निमित्ताने अलीकडे आलेली असोत, त्यांनी चहा न सोडता कॉफी आपलीशी केली आहे.

परंतु ज्या पेयावर इतके प्रेम, त्याच पेयाविषयी एक भीतीही मनात घर करून असते. कॉफीने पोटात जळजळ होते, जळजळीतून व्रण होतो आणि व्रणातून पुढे कर्करोग होतो, अशी एक साखळी अनेकांच्या मनात तयार झालेली असते. चहाविषयीही हेच बोलले जाते. परिचयातील एखाद्याला जठराचा कर्करोग झाल्याचे कळले, की त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडला जातो आणि “दिवसातून सहा-सहा वेळा कॉफी लागायची त्याला,” या वाक्यावर तो हिशेब संपतो. आरोपी सापडला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात मात्र तपास अर्ध्यावरच थांबलेला असतो. उपलब्ध पुराव्याचा विचार केला, तर जठराच्या कर्करोगाचा आळ चहा-कॉफीवर घेता येत नाही. हा आळ नुसता निराधार असता, तर तो सोडूनही देता आला असता. पण तो घातक आहे, कारण तो खऱ्या कारणांवरून आणि खऱ्या लक्षणांवरून लक्ष दुसरीकडे वळवतो.

ही भीती आजची नाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्याविषयी एक पुस्तिका लिहिली. त्यांनी तीत चहा आणि कॉफी शरीराला अनावश्यक ठरवली. कातडी कमावण्याच्या कारखान्यात जे टॅनिन कातडे कठीण करते, तेच चहातून पोटात गेल्यावर जठराच्या आणि आतड्यांच्या अस्तरावरही तसाच परिणाम करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या काळाच्या ज्ञानानुसार हा तर्क अनेकांना पटण्यासारखा होता. पण कातडे मृत असते आणि जठराचे अस्तर जिवंत असते. ते श्लेष्माच्या थराने झाकलेले असते, त्याच्या पृष्ठभागावरील पेशी काही दिवसांत झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. चहात दूध घातले, तर टॅनिनचा काही अंश दुधातील प्रथिनांशी आधीच बांधला जातो. उपमा कितीही बोलकी असली, तरी ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

बेंगळुरूच्या बाबतीत संशयाला आणखी एक आधार मिळाला. भारतात कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर मोजणी करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ पासून मुंबई, चेन्नई व बेंगळुरू या तीन शहरांत लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली. बेंगळुरूमध्ये हे काम १९७३ साली स्थापन झालेल्या किडवाई स्मारक कर्करोग संस्थेने पत्करले. आज देशभरच्या या नोंदींचे संकलन करणारे राष्ट्रीय केंद्रही बेंगळुरूतच आहे. या नोंदींतून एक गोष्ट वारंवार दिसली: जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा चेन्नई आणि बेंगळुरू या दक्षिणेकडील शहरांत अधिक होते. मुंबई चहा पिणारी, दक्षिण कॉफी पिणारी. मग निष्कर्ष सरळच नाही का?

तो सरळ वाटतो, म्हणूनच फसवा आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असे ठरत नाही. दोन प्रदेशांत केवळ पेयाचाच फरक नसतो. मुख्य धान्य, तिखट-मिठाचे प्रमाण, अन्न टिकवण्याच्या पद्धती, तंबाखू-मद्याच्या सवयी, पाण्याची स्वच्छता, घरांतील दाटी अशा अनेक बाबतींत ते वेगळे असतात. शिवाय भारतात जठराच्या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण ज्या भागात आढळते, तो भाग कॉफीचा नाहीच. तो आहे ईशान्येकडील मिझोरम, विशेषतः ऐझॉल जिल्हा. तेथे धुरावर टिकवलेले मांस, आंबवलेली चरबी आणि तंबाखूचा धूर मुरवलेले ‘तुइबुर’ नावाचे पाणी यांवर संशोधकांचे लक्ष गेले आहे. कॉफीच्या सिद्धान्ताने मिझोरमचे कोडे मुळीच सुटत नाही.

नोंदी प्रश्न उभा करतात. उत्तरासाठी वेगळा अभ्यास करावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी जठराच्या कर्करोगाचे रुग्ण आणि अन्य व्यक्ती यांच्या आहाराची तुलना करून २००२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चहा पिणाऱ्यांत धोका वाढल्याचे त्यांना दिसले नाही. उलट तो कमी असल्याचेच आढळले. आठवड्यातून निदान एकदा सुकी मासळी खाणाऱ्यांत मात्र शाकाहारी लोकांच्या तुलनेत धोका लक्षणीय वाढलेला दिसला. जपानच्या मियागी प्रांतात २६,३११ रहिवाशांची माहिती घेऊन पुढील अनेक वर्षे त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवले गेले. २००१ साली त्याचा अहवाल आला. हिरवा चहा जठराच्या कर्करोगापासून वाचवतो अशी तेथे अपेक्षा होती. पण चहाने ना संरक्षण मिळाल्याचे दिसले, ना अपाय झाल्याचे.

कॉफीची कथा अधिक उद्बोधक आहे. १९८१ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉफीचा संबंध स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी जोडला आणि जगभर खळबळ उडाली. पुढे त्या अभ्यासातील एक उणीव ध्यानात आली. कर्करोगाच्या रुग्णांची तुलना ज्यांच्याशी केली होती, त्यांतील अनेकांना पचनाचे अन्य विकार होते, आणि अशा माणसांनी त्रासामुळे कॉफी आधीच कमी केलेली असते. परिणामी कर्करोगाचे रुग्ण अधिक कॉफी पिणारे भासले. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. दुसरा घोटाळा याहून मोठा होता. अनेक देशांत कॉफी जास्त पिणारा माणूस सिगारेटही जास्त ओढणारा असे. धूम्रपानाचा दोष बाजूला काढला नाही, तर तो शेजारच्या पेल्यावर येतो. सोबत करणाऱ्यावर संशय येणे ही केवळ माणसांचीच गत नाही, पेयांचीही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशा सर्व पुराव्यांचा वेळोवेळी आढावा घेते. या संस्थेने १९९१ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफी ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवली होती. २०१६ साली १० देशांतील २३ तज्ज्ञांनी एक हजाराहून अधिक अभ्यास पुन्हा तपासले आणि कॉफी त्या गटातून काढून घेण्यात आली. स्वादुपिंड, स्तन आणि पुरःस्थ ग्रंथी यांच्या बाबतीत कॉफीचा दोष दिसत नाही, यकृत आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगाचे प्रमाण तर कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळते, असे या तज्ज्ञांचे मत पडले. जठरासह इतर अनेक अवयवांविषयी पुरावा निश्चित निष्कर्ष काढण्याइतका नाही, असेही त्यांनी सांगितले. या शेवटच्या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. न्यायालयात आरोप सिद्ध होऊ शकला नाही म्हणजे आरोपीला मानपत्र मिळाले असे होत नाही. पण त्याला शिक्षाही देता येत नाही. कित्येक दशकांच्या आणि लाखो माणसांच्या निरीक्षणानंतरही ज्या दोषाची सातत्याने खूण पटत नाही, तो असलाच तर फार मोठा नसावा, एवढे मात्र म्हणता येते.

“आज एक सांगतात, उद्या दुसरे, मग विश्वास कशावर ठेवायचा?” असा वैतागाचा प्रश्न यावर विचारला जातो. पण मत बदलणे हा विज्ञानाचा कमकुवतपणा नाही. नवा पुरावा पुढे आल्यावर आपला जुना निकाल फिरवण्याची तयारी हीच त्याची विश्वासार्हता आहे. अफवेचे तसे नसते. ती कधीच स्वतःची दुरुस्ती करत नाही.

२०१६ च्या त्याच आढाव्यात एक इशाराही होता, आणि तो दुर्लक्षित राहू नये. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची अतिउष्ण पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ आहेत, असे तज्ज्ञांनी म्हटले. हा धोका अन्ननलिकेचा आहे, जठराचा नव्हे. आणि तो पेयाच्या नावात नसून त्याच्या उष्णतेत आहे. वारंवार भाजणाऱ्या अस्तराला पुन्हापुन्हा भरून यावे लागते आणि त्या धडपडीत पेशी बिघडण्याची शक्यता वाढते, असे मानले जाते. इराणच्या उत्तरेकडील गोलेस्तान प्रांतात अन्ननलिकेचा कर्करोग फार आढळतो आणि तेथे चहा कढत पिण्याची रीत आहे. त्या प्रांतातील ५०,००० हून अधिक लोकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून २०१९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार ६० अंश वा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटर किंवा अधिक पिणाऱ्यांत, कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, हा धोका सुमारे ९० टक्के अधिक होता. काश्मीरमध्येही अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तेथील खारट ‘नून चाय’ अतिशय गरम प्यायली जाते, म्हणून ती अभ्यासाचा विषय ठरली आहे.

‘९० टक्के अधिक’ हे शब्द वाचून दचकण्यापूर्वी त्यांचा अर्थ लावावा लागतो. शंभरांपैकी नव्वद जणांना रोग होतो असा तो अर्थ नव्हे. समजा, एखाद्या लोकसमूहात दहा हजारांमागे दहा जणांना एखादा रोग होत असेल, तर नव्वद टक्के वाढ म्हणजे दहाचे एकोणीस होणे. ही वाढ क्षुल्लक नाही; पण ती मूळ आकड्याच्या शेजारी ठेवूनच मोजावी लागते. मथळ्यात केवळ टक्केवारी छापली जाते आणि मूळ आकडा गळतो, तेव्हा वाचकाच्या पदरी माहितीऐवजी भीती पडते.

या बाबतीत जुन्या चालीरीतींनी नकळत शहाणपणा दाखवला आहे. बेंगळुरूची कॉफी डबरा आणि पेला या जोडीत येते. पिणारा ती उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओततो, फेस आणतो आणि त्या क्रियेत ती निवते. महाराष्ट्रात बशीत ओतून चहा पिण्याची रीत होती. पसरट बशीत चहाचा पृष्ठभाग वाढतो आणि तो लवकर थंड होतो. बशीतून चहा पिणे हे आज गावंढळपणाचे लक्षण मानले जाते. वास्तविक कढत पेल्याला घाईने ओठ लावणाऱ्या शिष्टाचारापेक्षा घशाच्या दृष्टीने बशी अधिक सुसंस्कृत आहे.

मग जठराच्या कर्करोगाचा खरा आरोपी कोण? त्याचा शोध ही विसाव्या शतकातील वैद्यकाची एक रोमहर्षक कथा आहे. आम्लाने भरलेल्या जठरात जीवाणू जगूच शकत नाहीत, अशी दीर्घकाळ समजूत होती. पोटातील व्रणांचा दोष मानसिक ताण, तिखट जेवण आणि चहा-कॉफी यांच्या माथी मारला जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना रुग्णांच्या जठरात एक वळणदार जीवाणू सापडला आणि १९८२ साली त्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. वैद्यकविश्वाला हे पटेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जीवाणूंचे द्रावण स्वतःच प्राशन केले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाल्याचे तपासणीत दिसले. पुढे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या नावाने हा जीवाणू प्रसिद्ध झाला. १९९४ साली तो कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात नोंदला गेला आणि २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगात जठराच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या मुळाशी हाच संसर्ग असल्याचे आज मानले जाते.

हा जीवाणू बहुधा बालपणीच, घरातील निकट सहवासातून किंवा दूषित अन्नपाण्यातून शरीरात येतो. दाटीवाटीची वस्ती आणि अपुरी स्वच्छता त्याला पोषक ठरते. भारतात निम्म्याहून अधिक लोकांच्या जठरात तो असल्याचे अभ्यास सांगतात. तरीही त्यांतील फार थोड्यांनाच कर्करोग होतो आणि एकंदर देशाचा विचार केला, तर येथे या रोगाचे प्रमाण जपान किंवा कोरियापेक्षा पुष्कळ कमी आहे. म्हणजे जीवाणू एकटा पुरेसा नाही. त्याला साथीदार लागतात. हे साथीदारही आता ओळखीचे झाले आहेत: धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान, मिठात मुरवून टिकवलेले अन्न, प्रक्रिया केलेले मांस आणि आहारात फळे-भाज्यांची उणीव. काहींच्या बाबतीत आनुवंशिकताही असते. घरोघरी शीतकपाटे आली, ताजे अन्न मिळू लागले, मिठाचा आधार कमी झाला आणि स्वच्छता वाढली, तसतसे विसाव्या शतकात अनेक देशांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण उतरत गेले. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कॉफीचा खप वाढत असतानाच या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण घटत होते. यावरून कॉफीने रोग घालवला असे म्हणणे ही पुन्हा कावळ्याची आणि फांदीचीच गोष्ट होईल; पण कॉफी हेच मुख्य कारण असते, तर असे चित्र दिसले नसते.

आता चहाच्या टपरीपुढचे नेहमीचे दृश्य या दृष्टीने पाहावे. एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात सिगारेट किंवा विडी. बेंगळुरूच्या कार्यालयांबाहेर हे दिसते, तसेच पुण्या-मुंबईतही दिसते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यावर २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. ती किती पाळली जाते हे टपरीवर उभ्या असलेल्या कोणालाही सांगता येईल. धूम्रपान हे जठराच्या कर्करोगाचे प्रस्थापित कारण आहे. फुप्फुस, तोंड, घसा यांना होणारी हानी तर वेगळीच. असे असता घरी परतल्यावर त्याच माणसाला “कॉफी कमी करा, पोट बिघडेल,” असा सल्ला दिला जातो आणि खिशातले पाकीट मात्र सुरक्षित राहते. पेल्यावरचा आळ इतका सोयीचा ठरतो, तो यामुळे. कॉफीचा एक पेला सोडणे सोपे असते. ते सोडल्यावर आरोग्यासाठी काहीतरी त्याग केल्याचे समाधान मिळते, आणि ज्या सवयी सुटता सुटत नाहीत त्यांच्याकडे डोळेझाक करता येते.

या गैरसमजाची याहूनही जबर किंमत मोजावी लागते ती विलंबाच्या रूपाने. जठराचा कर्करोग सुरुवातीला फारसा बोलत नाही. थोडी जळजळ, थोडा जडपणा, चार घास खाताच पोट भरल्याची भावना, एवढीच त्याची पहिली भाषा असते. माणूस मनाशी म्हणतो, कॉफी जास्त झाली असेल. तो कॉफी बंद करतो. औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी आणतो. काही दिवस बरे वाटते, कारण आम्ल कमी करणारी औषधे कर्करोगाच्या व्रणाचीही वेदना तात्पुरती शमवू शकतात. पुन्हा त्रास, पुन्हा गोळी, असे महिने जातात. वजन उतरू लागते, रक्त कमी होते, शौचास काळे होते, गिळताना अडखळते. तेव्हा कुठे दुर्बिणीतून तपासणी होते. त्या वेळी रोग बहुधा जठराच्या भिंतीपलीकडे गेलेला असतो. जो रोग आरंभी सापडला असता तर शस्त्रक्रियेने, कधी कधी केवळ दुर्बिणीच्या साहाय्यानेही, काढून टाकता आला असता, तो आता आटोक्याबाहेर जातो. २०२२ या एका वर्षात जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसे त्याने दगावली. या दोन आकड्यांतील अंतर इतके कमी असण्याचे एक मोठे कारण उशिरा होणारे निदान हेच आहे.

जपान आणि कोरिया या देशांनी निरोगी दिसणाऱ्या प्रौढांचीही जठर-तपासणी करण्याची व्यवस्था उभारली आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या चाचणीला स्थान आहे, जठराला नाही. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाहता सरसकट तपासणी व्यवहार्यही नाही. अशा परिस्थितीत लक्षणांविषयीची जागरूकता हाच सामान्य माणसाच्या हाती असलेला उपाय उरतो. चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली आणि काही आठवड्यांत न थांबणारी अपचनाची तक्रार, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय किंवा काळी विष्ठा यांपैकी काही दिसले, तर पेल्याची चौकशी न करता डॉक्टरांची भेट घ्यावी. ‘हेलिकोबॅक्टर’चा संसर्ग श्वासाच्या, विष्ठेच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीतून ओळखता येतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीच्या औषधांनी बरा करता येतो. कुटुंबात कोणाला हा रोग झालेला असेल, तर ही तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते.

चहा-कॉफीवरचा हा एक आळ दूर झाला म्हणून त्यांना मोकळे रान मिळत नाही. त्यांचे स्वतःचे असे दोष आहेत. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांना कॉफीने जळजळ वाढल्याचा अनुभव येतो. त्यांनी ती कमी करणेच योग्य. पण जळजळ होणे आणि कर्करोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रात्री उशिरा घेतलेल्या कॉफीने झोप उडते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो, आणि रक्तक्षयाने ग्रासलेल्या या देशातील स्त्रियांच्या व मुलांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये आणि जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. प्रत्येक पेल्याबरोबर पोटात जाणारी साखर हा तर दिवसभरात मोठा होत जाणारा हिशेब आहे. हे सारे दोष खरे आहेत आणि ते सांगण्यासाठी कर्करोगाचा बागुलबुवा उभा करण्याची गरज नाही. त्याचप्रमाणे कॉफी म्हणजे कर्करोगावरचे औषध अशी दवंडी कोणी पिटू लागला, तर त्यालाही तितक्याच ठामपणे आवरले पाहिजे. खोटा आळ आणि खोटी स्तुती ही एकाच नाण्याची दोन बाजू आहेत. दोहोंतही पुराव्याला रजा दिलेली असते.

भीती ही समाजाची एक मर्यादित पुंजी असते. ती वाटेल तिथे उधळली, तर जिथे खरोखर सावध व्हायला हवे तिथे ती उरत नाही. कॉफीला घाबरणारा माणूस तंबाखूला घाबरत नाही. चहा सोडणारा माणूस काळ्या विष्ठेकडे दुर्लक्ष करतो. चार दशकांहून अधिक काळ किडवाई संस्थेच्या नोंदवहीत ज्यांची नोंद होत आली आहे, ते प्रत्येकी एक माणूस, एक घर आणि बहुधा काही गमावलेले महिने आहेत. ते महिने वाचवायचे असतील, तर प्रश्न योग्य ठिकाणी विचारायला शिकले पाहिजे. पेल्यात काय आहे, यापेक्षा पेल्याबरोबर काय चालले आहे, तो किती कढत आहे आणि तो बाजूला ठेवल्यानंतरही पोटातली तक्रार का थांबत नाही, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.